मराठीत स्कॉर्म कोर्स बनवायचाय? सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी त्यात 'कर्मचाऱ्यांनी' टाइप करून बघा

मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत ट्रेनिंग बघते. आमच्याकडे प्रेस शॉप आहे, वेल्डिंग आहे, पेंट आहे, आणि लाइनवरची बहुतेक माणसं मराठी बोलणारी, थोडी हिंदीवाली. आधी ट्रेनिंग म्हणजे वर्ग भरवायचा, रजिस्टरवर सह्या घ्यायच्या आणि कस्टमरचं ऑडिट आलं की ती रजिस्टरं शोधत बसायची. मग कंपनीने एलएमएस (लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे कोर्स चालवणारं आणि कुणी काय केलं त्याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) घेतलं आणि मला सांगितलं की सेफ्टीपासून सुरुवात करून सगळे कोर्स ऑनलाइन करा, मराठीत करा, आणि ते स्कॉर्म कम्प्लायंट पाहिजेत. तेव्हापासून दीड वर्षात मी कोर्स बनवायची पाच-सहा सॉफ्टवेअर वापरून बघितली, त्यातल्या दोनचे पैसे कंपनीने भरले, बाकीची ट्रायलवर किंवा फुकटवाली. रिव्ह्यू म्हणाल तर यूट्यूबवर ढिगाने आहेत पण सगळे इंग्रजी मजकूर धरून केलेले, मराठी टाकलं की काय होतं ते कुणी दाखवत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्यांना स्कॉर्म नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. स्कॉर्म म्हणजे कोर्स आणि एलएमएस यांच्यातली बोलायची ठरलेली पद्धत. कोर्स उघडला की तो एलएमएसला सांगतो मी चालू झालो, मग अधूनमधून मार्क किती, कुठपर्यंत झालं हे लिहून ठेवायला देतो आणि शेवटी सांगतो मी बंद होतोय. ही पद्धत अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल नावाच्या उपक्रमातून आली, कारण तिथे प्रत्येक विभागाचे कोर्स वेगवेगळ्या सिस्टिममध्ये अडकून पडले होते आणि एकीकडचं दुसरीकडे चालत नव्हतं. स्कॉर्म १.२ आलं २००१ मध्ये, नंतर स्कॉर्म २००४ आलं आणि त्याच्याही चार आवृत्त्या निघाल्या, मग याच कामासाठीच्या नव्या पद्धती, २०१३ मध्ये एक्सएपीआय आणि २०१६ मध्ये सीएमआय५. पण आजही कुठल्याही एलएमएसवाल्याला विचारा, तो आधी १.२ चंच नाव घेणार. मूडल हे फुकट मिळणारं एलएमएससुद्धा स्कॉर्म १.२ पूर्ण चालवतं, २००४ मात्र पूर्ण नाही. त्यामुळे सेल्सवाला 'आमचं टूल सगळे स्टँडर्ड सपोर्ट करतं' म्हणाला की छान म्हणायचं, आणि आपलं एलएमएस यातलं नक्की काय चालवतं हे आपल्या आयटीवाल्यांकडून लेखी घ्यायचं. मी हे पहिल्या आठवड्यात केलं असतं तर पुढचे दोन महिने वाचले असते.

आता मराठीचं. हा भाग जरा लांबणार आहे पण माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

माझी पहिली टेस्ट एकच वाक्य: "दुसऱ्या पाळीतल्या कर्मचाऱ्यांनी यंत्र पूर्ण थांबल्यावरच डाय बदलावा, चिठ्ठी लावून कुलूप घालावं." यात ऱ्या दोनदा आहे, रफार आहे, त्र आहे, ठ्ठ आहे, खाली उकार आहेत. एका टूलमध्ये (नाव घेत नाही, कदाचित आता त्यांनी दुरुस्त केलं असेल) एडिटरमध्ये सगळं सुरेख दिसत होतं, पब्लिश करून फोनवर उघडलं तर 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालेलं, म्हणजे आडवा र जाऊन डोक्यावर रफार बसलेला, आणि चिठ्ठीमधला ठ्ठ फुटून पाय मोडलेला ठ् वेगळा. वाचणारा समजून घेईल हो, पण सेफ्टीच्या सूचनेत माणसाने अंदाजाने का वाचायचं? आणि आपली भाषा अशी मोडकी दिसली की कामगार कोर्सकडेच मोडकी वस्तू म्हणून बघतो, हे मी समोर बसून बघितलंय.

दुसरी गोष्ट बटणं. इंग्रजी अक्षरांना जेवढी उंची लागते तेवढ्याच उंचीची बटणं बऱ्याच टेम्प्लेटमध्ये असतात, त्यात 'पूर्ण' लिहिलं की वरचा रफार कापला जातो नाहीतर खालचा ऊकार. म्हणजे लाइन हाइट (ओळीची उंची) वाढवता येते का, बटणाची उंची हाताने बदलता येते का, हे ट्रायलमध्येच बघा. तसंच अक्षरांमधलं अंतर वाढवायची सेटिंग टेम्प्लेटमध्ये आधीपासून लावलेली असेल तर शिरोरेषा तुटते, ती शून्य करून टाका. आणि एक एक अक्षर टाइप होतंय असं दाखवणारं जे ॲनिमेशन असतं ते मराठीला लावूच नका, आधी नुसता क येतो मग त्याच्या मागे वेलांटी उडी मारून बसते, डोळ्याला त्रास होतो नुसता.

फाँटचं म्हणाल तर मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट आहेत आणि कोर्ससोबत पॅक करता येतात. जुनं साहित्य श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये असेल, आणि महाराष्ट्रातल्या बऱ्याच कारखान्यांत ते तसंच आहे, तर ते आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही उघडलं तरी मराठीच दिसेल अशा मजकुरात, बदलून घ्या. आमची २००९ च्या सुमाराची लोटोची पीपीटी, म्हणजे लॉकआउट टॅगआउटची (यंत्र बंद करून त्याला कुलूप आणि चिठ्ठी लावायची पद्धत), मी थेट इंपोर्ट केली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला आला. त्यात टूलची काही चूक नाही, तो मजकूर मुळात मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांवर मराठी मुखवटा चढवलेला आहे.

आणि एक बारकावा जो मला कुठेच वाचायला मिळाला नाही. 'रिकाम्या जागा भरा' प्रकारचा प्रश्न मराठीत टाळा. ऱ्या हे जोडाक्षर कॉम्प्युटरच्या आत दोन प्रकारे लिहिलं जातं, कोणता कीबोर्ड वापरलाय त्यावर अवलंबून. मी ऑफिसच्या कीबोर्डवर उत्तर भरून ठेवलं, ऑपरेटरने फोनच्या कीबोर्डवर तंतोतंत तोच शब्द टाइप केला, दिसायला अगदी सेम, आणि कोर्सने त्याला चूक दिली. तो माणूस तीन वेळा तेच उत्तर लिहीत होता आणि मला दाखवत होता, "मॅडम यात काय चुकलंय सांगा ना." काहीच चुकलं नव्हतं. आता मी सगळीकडे पर्याय निवडा किंवा चित्रावर बोट ठेवा असेच प्रश्न घालते.

बरं, आता कम्प्लायन्सची खरी परीक्षा. माझा पहिला मोठा कोर्स पॉवर प्रेसवर काम करतानाच्या सुरक्षेचा होता, दोन हातांची बटणं, लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा), डाय म्हणजे साचा बदलताना सेफ्टी ब्लॉक लावणं वगैरे, चाळीसेक स्लाइड आणि बावीस प्रश्न. टेस्टिंग मी माझ्या टेबलवर एका बैठकीत केलं, सगळं हिरवं. मग कँटीनच्या कोपऱ्यातल्या टॅबवर लोकांनी सुरू केलं. तिथे कोण एका बैठकीत करणार, कंपनीची बस सुटायच्या आधी पंधरा मिनिटं मिळतात त्यात जेवढं होईल तेवढं. दुसऱ्या दिवशी एक जण आला, म्हणाला काल तिसाव्या स्लाइडपर्यंत गेलो होतो, आज परत पहिली आली, काल केलं ते गेलं कुठं? मग दुसरा आला, तिसरा आला.

कारण कळायला मला आठ दिवस लागले. स्कॉर्म १.२ मध्ये 'माणूस कुठपर्यंत आला' हे साठवायच्या खणात फक्त ४०९६ कॅरेक्टर मावतात. कोर्स मोठा असला, त्यात लेयर (स्लाइडवर उघडणारे थर), प्रश्न, फांद्या (उत्तरानुसार वेगळीकडे नेणाऱ्या वाटा) जास्त असल्या की टूल जी नोंद पाठवतं ती यापेक्षा मोठी होते, मग एलएमएस ती कापतं किंवा नाकारतं, आणि परत आलेल्या माणसाला कोर्स पहिल्यापासून उघडतो. स्कॉर्म २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीत हीच मर्यादा ६४,००० आहे. मूडल वापरत असाल तर ॲडमिनकडे स्कॉर्मचे नियम काटेकोर पाळायची एक सेटिंग असते, ती बंद केली की तिथे १.२ मध्येही जास्त साठवता येतं. आमच्याकडे दोन्ही वाटा बंद होत्या म्हणून मी कोर्सचे चार तुकडे केले, प्रत्येकी दहा-बारा मिनिटांचे, आणि खरं सांगायचं तर ते लोकांनाही बरं पडलं, बस सुटायच्या आत एक तुकडा पूर्ण होतो.

दुसरी भानगड स्टेटसची. १.२ मध्ये कोर्स झाला का आणि पास झाला का या दोन्हीसाठी एकच रकाना आहे, २००४ मध्ये ते वेगळे केलेत. पब्लिश करताना टूल विचारतं की एलएमएसला काय कळवायचं, पास-फेल, की पूर्ण-अपूर्ण, की पास-अपूर्ण. हा प्रश्न छोट्या खिडकीत येतो आणि सगळे तो बघितल्याशिवाय पुढे जातात. मीही तसंच पास-फेल जाऊ दिलं होतं, आणि आमच्या एलएमएसचा रिपोर्ट मोजतो 'पूर्ण' किती, त्यामुळे पास झालेली माणसं रिपोर्टमध्ये अपूर्ण दिसायला लागली, आणि ऑडिटच्या चार दिवस आधी मॅनेजर साहेबांनी मला बोलावून विचारलं की ट्रेनिंग झालंय की नाही झालंय. माणसांनी मान मोडून कोर्स केलेला आणि कागदावर तो नाही, याचं मला फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

म्हणून कोणतंही टूल घ्या, पण ट्रायलच्या मुदतीत एक छोटा खरा कोर्स बनवा, आपल्या खऱ्या एलएमएसवर चढवा, अर्ध्यात सोडून बाहेर पडा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डिव्हाइसवरून उघडा, मुद्दाम नापास व्हा, ब्राउझरच्या फुलीने बंद करा, आणि प्रत्येक वेळी रिपोर्ट काढून बघा. गडबड झाली तर तोच कोर्स रुस्टिसी कंपनीच्या स्कॉर्म क्लाउड या वेबसाइटवर चढवा, तिथे टेस्टिंगपुरतं फुकट खातं मिळतं आणि कोर्सने काय पाठवलं त्याचा लॉग दिसतो, म्हणजे दोष टूलचा की एलएमएसचा यावर दोन कंपन्यांमध्ये टोलवाटोलवी होत नाही. आणि झिपच्या आत मॅनिफेस्टची, म्हणजे कोर्समध्ये काय काय आहे त्याच्या यादीची, एक्सएमएल फाइल अगदी वरच्या पातळीला पाहिजे, कुणी फोल्डर उघडून परत झिप केला आणि मध्ये एक जादा फोल्डर आला की एलएमएस घेतच नाही. आमच्याकडे एकदा यावर अर्धा दिवस गेला होता.

आता टूल.

आर्टिक्युलेट स्टोरीलाइन ३६०. हाताळायला पीपीटीसारखं, पण आत ट्रिगर, लेयर, व्हेरिएबल यांनी जवळपास काहीही करता येतं. प्रेसचा फोटो टाकून 'धोका कुठे आहे तिथे बोट ठेवा' असा सराव मी यातच केला आणि तोच आमच्या लोकांना सगळ्यात आवडला. पब्लिश करताना १.२, २००४, एक्सएपीआय, सीएमआय५ सगळे पर्याय मिळतात. भाषांतरासाठी सगळा मजकूर वर्डमध्ये बाहेर काढता येतो, मराठीवरून हिंदी करताना याचा खूप उपयोग झाला. तोटे दोन. फक्त विंडोजवर चालतं, आणि स्लाइड ठरलेल्या आकाराची असते त्यामुळे फोनवर ती आख्खी लहान होते, मराठी मजकूर दाटीने भरला असेल तर वाचवत नाही. किंमत वर्षाला हजार डॉलरच्या वर, एका माणसाला, वर जीएसटी. लहान कंपनीला हा आकडा जड आहे, यात वाद नाही. ट्रायल ३० दिवसांची मिळते, ती मात्र पुरेशी आहे.

याच पॅकेजमध्ये राइज येतं. ब्राउझरमध्ये चालतं, खाली खाली सरकत वाचायचा कोर्स बनतो आणि फोनवर आपोआप नीट बसतो. माझा पॉशचा कोर्स, म्हणजे कामाच्या जागी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचा, मी राइजमध्ये केला, कारण त्यात वाचणं आणि समजून घेणं जास्त. मशीनवरच्या सरावाला राइज अपुरं पडतं.

आयस्प्रिंग सूट हे पॉवरपॉइंटच्या आत बसतं. ज्यांच्याकडे पीपीटींचा साठा आहे आणि नवीन काही शिकायला वेळ नाही त्यांच्यासाठी मी डोळे झाकून हेच सांगेन. वर एक टॅब येतो, क्विझ घाला, आवाज घाला, पब्लिश करा, स्कॉर्म झिप तयार. स्टोरीलाइनपेक्षा स्वस्त आहे. आमच्या क्वालिटीच्या मॅडमना मी दोन तासांत शिकवलं आणि त्यांनी त्याच आठवड्यात गेज वापरण्याचा कोर्स काढला. पीपीटीच्या पलीकडचं काही करायचं झालं की मात्र लगेच भिंत लागते, आणि हेही विंडोजवरच.

ॲडोबी कॅप्टिव्हेट मी ट्रायलवर बघितलं. स्क्रीन रेकॉर्डिंग करून सॉफ्टवेअर शिकवायला हे जुनं, नावाजलेलं. २०२३ मध्ये त्यांनी ते पूर्ण नव्याने बांधलं, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतं, आणि महिन्याच्या हिशेबाने घेता येतं ही मोठी सोय. पण जुन्या, क्लासिक कॅप्टिव्हेटमधले प्रोजेक्ट नव्यात उघडत नाहीत, त्यामुळे तुमच्याकडे जुने कोर्स असतील तर तो हिशेब आधी मांडा. आमचं काम मशीनचं, म्हणून मी त्यावर थांबले नाही.

फुकटातलं सगळ्यात भरवशाचं मला वाटलं ते एक्सई-लर्निंग. न्यूझीलंडमधल्या विद्यापीठात सुरू झालेला ओपन सोर्स प्रकल्प, नंतर स्पेनमधल्या शिक्षण क्षेत्रातल्या लोकांनी वाढवला. दिसायला साधं आहे, पण यातून निघणारा कोर्स म्हणजे सरळ वेब पेज, मजकूर ब्राउझरच रंगवतो, त्यामुळे माझं ऱ्यावालं वाक्य इथे पहिल्या फटक्यात बरोबर आलं आणि रफारही कापला गेला नाही. १.२ मध्ये पॅकेज निघतं. मी तर म्हणेन झेडपीची शाळा असो, संस्था असो की छोटा कारखाना, पैसे नसतील तर इथून सुरू करा.

एचफाइव्हपी हे दुसरं फुकटवालं, नॉर्वेतून आलेलं, व्हिडिओत मध्ये मध्ये प्रश्न घालायला फार छान. मूडलमध्ये ते आतच आहे. स्कॉर्म पॅकेज हवं असेल तर लुमी नावाचं फुकट ॲप आहे, त्यात बनवून स्कॉर्म म्हणून बाहेर काढता येतं. आमच्या पेंट शॉपच्या सुपरवायझर काकांनी मास्क आणि ग्लोव्हज घालायची पद्धत मोबाइलसमोर करून दाखवली, त्यांच्याच आवाजात, मी त्यात चार जागी प्रश्न घातले. लोक ऐकतात कारण आवाज ओळखीचा आहे. कॉम्प्युटरने वाचून दाखवलेल्या आवाजापेक्षा हा शंभर पटींनी बरा. अडॅप्टही ओपन सोर्स आहे आणि कोर्स देखणे निघतात, पण बसवायला आयटीतला जाणकार माणूस हाताशी पाहिजे.

एक विनंती, कोर्स बाहेरून बनवून घेणार असाल तर सोर्स फाइल मिळणार हे वर्क ऑर्डरमध्येच लिहा. आमच्याकडे माझ्या आधी एका एजन्सीने केलेले सात कोर्स होते, सगळे फ्लॅशमध्ये, फक्त पब्लिश केलेल्या झिप दिलेल्या. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झालं आणि ते सातही गेले, सोर्स नसल्याने एक स्लाइडसुद्धा वापरता आली नाही. त्यातली फोर्कलिफ्टची चित्रं खरंच चांगली होती हो.

सध्या मी स्टोरीलाइनचं एकच लायसन्स ठेवलंय, मशीनवरच्या सरावांसाठी. बाकी सगळं एक्सई-लर्निंग आणि लुमीमध्ये, आणि क्वालिटीवाल्यांकडे आयस्प्रिंग. लोटोचा कोर्स श्रीलिपीतून काढून नव्याने टाइप करतेय, साठ स्लाइडमधल्या चाळीस झाल्यात, पाच तुकडे होतील. पहिला तुकडा सोमवारी दुसऱ्या पाळीच्या टॅबवर चढतोय, मी त्या दिवशी मुद्दाम रात्री बस सुटेपर्यंत थांबणार आहे.